अर्धा इंची जाळीचे लोखंडी खुराडे : एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

परसातल्या कोंबड्यांसाठी तयार लोखंडी खुराडी आता कोकणातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी फॅब्रिकेशनच्या दुकानांबाहेर मांडलेली दिसतात. रंग नवा, जाळी चकचकीत आणि दार बंद केले की सगळे भक्कम वाटावे अशी त्यांची मांडणी असते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराच्या मागे, काजूच्या बागेला लागून, असेच एक खुराडे आम्ही उन्हाळ्यात बसवले आणि पूर्ण पावसाळा ते वापरले. सहा फूट लांब, चार फूट रुंद, जमिनीपासून दीड फूट उंच पायांवर, वर उतरता पत्रा, एका बाजूला अंड्यांची पेटी आणि समोर एकच दार, अशी त्याची रचना आहे. किंमत 16,500 रुपये पडली आणि टेंपोचे भाडे वेगळे द्यावे लागले. पंधरा-सोळा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा त्यात रात्री आरामात राहतात.

खुराड्याचे खरे काम दिवसाचे नसून रात्रीचे आहे, म्हणून त्याची पारखही रात्रीच्या हिशोबानेच केली पाहिजे. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवसा चपळ असलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, दांडीवर बसून डोळे मिटले की हाताने उचलून घेतली तरी फारसा प्रतिकार करत नाही. ज्याला अंधारात उत्तम दिसते असा प्राणी अशा वेळी आत शिरला, तर पक्ष्यांना पळायला वाव नसतो, एकीच्या फडफडीने दुसरी बिथरते, आणि शिकारी प्राण्याची मारण्याची प्रवृत्ती समोरची हालचाल थांबेपर्यंत चालूच राहते. एका रानमांजराने एका रात्रीत अख्खे खुराडे रिकामे केल्याच्या हकिगती गावोगाव ऐकू येतात त्या याच कारणाने. त्यात त्या प्राण्याचा दुष्टपणा नाही. उघड्या रानात एक पक्षी सापडला की बाकीचे उडून जातात, बंद खुराड्यात मात्र ते जाऊ शकत नाहीत. म्हणजेच कच्चे खुराडे हे खुराडे नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते, आणि ते विकत घेताना जे पाहायचे ते याच दृष्टीने पाहायचे.

आमच्या भागात कोंबडीवर नजर ठेवणारे प्राणी पुष्कळ आहेत. मुंगूस दिवसाउजेडी येते आणि बहुधा गडग्याच्या दगडांमधून येते. कांडेचोर, ज्याला उदमांजर असेही म्हणतात, रात्री आंब्याच्या फांदीवरून पत्र्यावर उतरतो. जवादी मांजर जमिनीवरूनच फिरते. रानमांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला दिसते. कोल्हा वाडीच्या कडेने फिरतो आणि उघड्यावर राहिलेली कोंबडी उचलतो. धामण आणि नाग अंड्यांसाठी व पिल्लांसाठी येतात, अजगर मोठी कोंबडी गिळतो, घोरपड भर दुपारी अंडी खाऊन जाते आणि घूस खालून पोखरते. आकाशातून शिक्रा आणि घार पिल्ले नेतात. यांतल्या प्रत्येकाची वाट वेगळी आहे. एकाला अडवणारी वस्तू दुसऱ्याला अडवेलच असे नाही, आणि दुकानदार ‘काही शिरणार नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कुत्रा असतो.

या खुराड्याची सर्वांत मोठी जमेची बाजू त्याची जाळी आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. हार्डवेअरच्या दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी षट्कोनी जाळी मिळते, ती पिळलेल्या बारीक तारेची असते. साधारण 22 गेजची ही तार जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची भरते. कोंबड्यांना एका जागी ठेवायला ती पुरते, पण बाहेरच्याला आत येऊ न देण्याची ताकद तिच्यात नाही. एक पीळ तुटला की शेजारचे पीळ सैल होत जातात आणि कुत्र्याने दातांत धरून ओढली तर ती विणलेल्या कापडासारखी उसवते. चेनलिंकची तार जाड असते, परंतु तिच्या दोन-अडीच इंचांच्या चौकटीतून मुंगूस अंग चोरून आत जाते आणि सापाला तर ती अडवतच नाही. कुंपणासाठी चेनलिंक उत्तम आहे, खुराड्यासाठी नव्हे.

वेल्डमेशमध्ये आडव्या-उभ्या तारा प्रत्येक छेदावर वेल्ड केलेल्या असतात, त्यामुळे एक तार तुटली तरी चौकट जागची हलत नाही. आमच्या खुराड्याला चारही बाजूंनी अर्धा इंच बाय अर्धा इंच चौकटीची, 16 गेजची, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी आहे. (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे नव्याने खरेदी करणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही, आणि 20 म्हणजे 16 पेक्षा भारी असा समज करून माणूस फसतो.) दुकानात मांडलेल्या नमुन्याला मात्र खालचे दोन फूटच अर्ध्या इंचाची जाळी होती आणि वरचा सगळा भाग एक इंची चौकटीचा होता. आम्ही आग्रह धरून तो बदलून घेतला आणि त्यासाठी जास्तीचे पैसे दिले. हा आग्रह प्रत्येकाने धरावा असे मला ठामपणे वाटते. एक इंचाच्या चौकटीतून कांडेचोराचा पंजा आत जातो, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पंख किंवा पाय त्याच्या हाती लागला, तर तो जाळीबाहेरूनच तिला फाडतो. लहान धामण त्याच चौकटीतून आत येते, पिल्लू गिळते आणि फुगलेल्या पोटामुळे परत बाहेर पडताना मधेच अडकून बसते. असा अडकलेला साप सोडवणे हे घरच्या माणसांसाठी भयंकर काम असते आणि सापासाठी तर ते बहुतेक वेळा प्राणावरच बेतते. अर्ध्या इंचाने हे दोन्ही टळते.

बारीक चौकटीचा आणखी एक फायदा आहे, जो विकणारा सांगत नाही. अर्ध्या इंचातून चिमणी येत नाही आणि मोठा उंदीरही येत नाही. रात्री दाणे खायला उंदीर आले की त्यांच्या मागावर साप येतो, हा क्रम खेड्यात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून दाण्याचे भांडे रात्री बाहेर काढून ठेवायचे आणि उंदराला आत शिरकावच नाही अशी जाळी वापरायची, हा सापाविरुद्धचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. रानपाखरांचा कोंबड्यांच्या खाद्याशी आणि पाण्याशी संबंध येऊ न देणे हे रोगाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. 2006 च्या फेब्रुवारीत भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला नोंदवला गेला होता, याची आठवण कोंबडी पाळणाऱ्या माणसाने ठेवलेली बरी.

जाळीच्या गंजाविषयी एक बारकावा सांगतो, कारण समुद्राजवळच्या गावांत खरा शत्रू खारा वाराच असतो. जस्ताचा मुलामा तारेला आधी देऊन मग वेल्ड केले, तर वेल्डच्या ठिकाणी तो जळतो आणि पावसाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत प्रत्येक छेदावर तांबूस ठिपका उमटू लागतो. आधी वेल्ड करून नंतर संपूर्ण जाळी जस्तात बुडवली असेल, तर छेदाच्या कोपऱ्यात जस्ताचा लहानसा गोळा साचलेला दिसतो आणि त्यावरून बोट फिरवले तर खडबडीत लागते. जाळी निवडताना मी भिंग घेऊन गेलो नव्हतो, उजेडात आडवी धरून नुसत्या डोळ्यांनी हे दिसते. आमच्या खुराड्याची जाळी या दुसऱ्या प्रकारची निघाली आणि पावसाळ्यानंतरही तिचे छेद पांढरेच आहेत. मात्र अँगलला जाळी जोडताना कारागिराने जिथे जिथे टाका मारला, तिथे मुलामा जळला होता आणि त्यावर फक्त चंदेरी रंगाचा हात फिरवला होता. या टाक्यांवर सप्टेंबरपर्यंत गंज धरला. घासून काढून जस्तयुक्त प्रायमर लावल्यावर तो थांबला आहे, परंतु हे काम दुकानातच व्हायला हवे होते. नवे खुराडे घेणाऱ्याने ताबा घेण्यापूर्वी प्रत्येक टाका पाहावा आणि प्रायमर समोर लावून घ्यावा.

तळाविषयी माझे मत संमिश्र आहे. खुराड्याला वेल्डमेशचा तळ आहे आणि त्याखाली ओढून काढता येणारा जस्ती पत्र्याचा ट्रे आहे. जाळीचा तळ स्वच्छतेला सोपा असतो, विष्ठा खाली पडते, पावसाळ्यात ओल आत साचत नाही. पण नुसता जाळीचा तळ उघडा ठेवला, तर रात्री खालून येणारा प्राणी कोंबड्यांच्या बोटांना चावे घेतो, आणि अशा चाव्यांनी लंगडलेल्या कोंबड्या मी शेजारच्या वाडीत पाहिल्या आहेत. ट्रेमुळे ती वाट बंद होते, म्हणून ट्रे हा या खुराड्याचा ऐच्छिक भाग समजू नये. दुकानात तो वेगळ्या पैशांना देतात आणि बरेच जण तिथेच बचत करतात. शिवाय जाळीवर सतत उभे राहून जड कोंबड्यांच्या तळव्यांना जखमा होतात. गिरिराज किंवा वनराज पाळणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. आम्ही तळावर जुनी गोणपाटे अंथरून त्यावर भाताचे तूस पसरतो आणि अधूनमधून चुना मारतो. असे केल्यावर पाय चांगले राहतात.

पायांची दीड फूट उंची हा रचनेतला सर्वांत चांगला विचार आहे. जमिनीवर बसवलेल्या खुराड्याखाली घूस बीळ करते, आणि त्याच बिळाने पुढे मुंगूस व साप येतात. वर उचललेल्या खुराड्याखाली केरसुणी जाते, तिथे काय चालले आहे ते दिसते आणि सकाळी ओल्या मातीत पावले उमटलेली असली तर रात्री कोण येऊन गेले याचाही अंदाज येतो. मात्र खालची जागा मोकळी ठेवणे हे आपले काम आहे. फाटी, नारळाची सोडणे, तुटके मडके असे काही खाली रचले की घोणशीला आयतीच जागा मिळते, आणि सकाळी अंडी काढायला वाकणाऱ्या माणसाच्या पायाशी ती असते. आम्ही चारही पायांखाली जांभ्याचे चिरे टाकले आहेत, त्यामुळे पाय मातीत रुतत नाहीत आणि ओल थेट लोखंडाला लागत नाही. ज्यांना खुराडे जमिनीलगतच ठेवावे लागते, त्यांनी चारही बाजूंनी दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर सपाट पसरून, खुराड्याला बांधून, वर माती लोटावी. खणणारा प्राणी भिंतीच्या अगदी लगत खणायला सुरुवात करतो, त्याच्या नखांना जाळी लागते आणि दोन फूट मागे जाऊन खणावे हे त्याला सुचत नाही. खोल खड्डा खणून जाळी पुरण्यापेक्षा हे काम कमी कष्टाचे आहे आणि जांभ्याच्या कठीण जमिनीत तर दुसरा मार्गच नाही.

दार हा भाग मला सर्वांत कच्चा वाटला. दाराची चौकट आणि खुराड्याची चौकट यांच्यामध्ये खालच्या बाजूला जवळजवळ एक इंचाची फट होती. सगळीकडे अर्ध्या इंचाची जाळी लावून दाराखाली एक इंच मोकळे सोडले, तर त्या जाळीचा सगळा खर्च वाया गेला असे समजावे, कारण साप आणि उंदीर चौकटी मोजत बसत नाहीत, ते कडेने वाट शोधतात. आम्ही गावातल्याच कारागिराकडून आतून लोखंडी पट्टी मारून घेतली. कडीही एकच होती आणि ती दाराच्या मधोमध होती, त्यामुळे खालचा कोपरा जोराने ढकलला तर बोटभर वाकत असे. कुत्र्याने किंवा कोल्ह्याने नाक घालून रेटायला तेवढा कोपरा पुरतो. आता वर एक आणि खाली एक असे दोन टॉवर बोल्ट आहेत आणि खालच्या बोल्टला खिळा अडकवतो. दार बनवणाऱ्या माणसाला हे सांगितले तेव्हा त्याने ते ऐकून घेतले आणि पुढच्या खुराड्यांना दोन बोल्ट लावीन असे म्हणाला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

अंड्यांच्या पेटीचे झाकण बाहेरून उघडते, ही सोय घरच्या बायकांना फार आवडली, कारण आत वाकावे लागत नाही आणि खुडूक बसलेली कोंबडीही बिथरत नाही. पण झाकण पातळ पत्र्याचे आणि केवळ स्वतःच्या वजनावर बसणारे आहे. घोरपड किंवा मुंगूस अशा झाकणाखाली नाक घालून ते उचलू शकते, आणि हे दोन्ही प्राणी दिवसा फिरणारे असल्यामुळे रात्रीपुरते कुलूप लावून भागत नाही. एक साधा हूक लावला की प्रश्न सुटतो. तो हूक दुकानातूनच लावून मिळायला हवा होता.

आतल्या दांड्यांबद्दल तक्रार नाही. दोन दांड्या आहेत, लाकडी आहेत आणि गोल नसून वरून किंचित सपाट आहेत, त्यामुळे कोंबडीला बोटांवर अंग टाकून नीट बसता येते. प्रत्येक पक्ष्यामागे आठ इंच दांडी धरली तर एवढ्या कोंबड्यांना त्या पुरेशा आहेत. त्या जाळीपासून फूटभर आत आहेत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. जाळी कितीही बारीक असली तरी बाहेरून कोणी तिला ओरखडू लागले की जाळीलगतच्या कोंबड्या घाबरून उड्या मारतात, एका कोपऱ्यात एकमेकींवर कोसळतात आणि खालच्या गुदमरतात. शिकाऱ्याने स्पर्शही न करता पक्षी मरतात ते असे. मधोमध बसलेल्या कोंबड्या त्या मानाने शांत राहतात.

पत्र्याचे छप्पर रत्नागिरीच्या पावसात टिकले. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे उतार आणि पुढे आलेली पागोळी या दोन गोष्टी नीट नसतील तर बाकी काही पाहूच नये. उतार चांगला आहे. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस मात्र बाजूच्या जाळीतून आत येतो, म्हणून पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचा झाप बांधावा लागला. प्लास्टिकचा कागद बांधला तर वारा अडतो आणि वास कोंडतो, झापातून हवा खेळती राहते. उन्हाळ्यात हाच झाप पत्र्यावर टाकायचा.

आता या खुराड्याने काय होत नाही, तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. दिवसा बाहेर चरणाऱ्या कोंबड्यांना त्याचा काही उपयोग नाही. दिवसाच्या संरक्षणाची पहिली फळी म्हणजे कोंबडा. आकाशात शिक्रा दिसला की कोंबडा जो आवाज काढतो तो वेगळा असतो, आणि तो ऐकून कोंबड्या जागच्या जागी दबून बसतात किंवा झुडपाखाली पळतात. जमिनीवरून कुत्रा किंवा मुंगूस आले की आवाज वेगळा येतो, आणि तेव्हा कोंबड्या मान उंच करून ओरडू लागतात. घरातल्या माणसाने हे दोन आवाज ओळखायला शिकावे. पहिला ऐकून अंगणात जाऊन वर पाहायचे आणि दुसरा ऐकला की गडग्याकडे धावायचे. पिल्ले असलेल्या कोंबडीला पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवावे, पण डालगे हलके असते, म्हणून त्यावर दगड ठेवावा आणि ते नजरेसमोरच असावे.

किनाऱ्याच्या गावांत घारीपासून पिल्ले वाचवायला मासेमारीची जुनी जाळी वरून पसरण्याची पद्धत आहे. वरून पसरायला हरकत नाही, मात्र ती ताणून आणि जमिनीपासून उंच बांधावी. सैल जाळे कडेने जमिनीवर लोळत असले की त्यात साप अडकतात, जितके वळवळतात तितके नायलॉनचे धागे त्यांच्या अंगात रुतत जातात आणि ते तडफडून मरतात. अशा जाळ्यात अडकलेला नाग दिसला, तर हात न लावता सर्पमित्राला बोलवावे.

खुराड्याबरोबर दुकानदाराने सौर ऊर्जेवर लुकलुकणारा लाल दिवा घ्यायला लावला. रात्री दोन डोळे चमकल्यासारखे वाटून प्राणी पळतात, असा त्यामागचा दावा आहे. हा दिवा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवीन वस्तू पाहून प्राणी आधी बिचकतो हे खरे, परंतु रोज त्याच जागी तोच दिवा त्याच गतीने लुकलुकत असेल आणि त्यातून काहीच इजा होत नसेल, तर त्याची सवय व्हायला प्राण्याला वेळ लागत नाही. पावसाळ्यात सूर्यप्रकाश न मिळाल्याने दिवा मध्यरात्रीच विझत असे, ती गोष्ट निराळी. तेवढ्या पैशांत दोन चांगले बोल्ट आणि एक पट्टी येते.

झटका मशीनचे कुंपण हे उपकरण वेगळ्या दर्जाचे आहे. शेताभोवती डुकरांसाठी ते उपयोगी पडते आणि योग्य यंत्र असेल तर त्याचा झटका क्षणिक असतो. परंतु परसातल्या कोंबड्यांसाठी ते पावसाळ्यात सांभाळणे कठीण आहे, कारण गवत वाढून तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो आणि रोज तारेखालचे गवत कापत बसावे लागते. आणि कुंपणाला थेट विजेच्या लाइनची तार जोडणे हा प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याने माणसे मेली आहेत, गुरे मेली आहेत, आणि ते बेकायदेशीर आहे.

बिबट्यासाठी हे खुराडे नाही. बिबट्याच्या ताकदीपुढे 16 गेजची तार टिकणार नाही, हे मान्य करूनच खुराड्याची जागा ठरवावी लागते. ते बागेच्या टोकाला न ठेवता मागच्या पडवीला, माणसांच्या वावराजवळ ठेवावे, तिथे रात्री दिवा असावा आणि मेलेली कोंबडी किंवा कापलेल्या कोंबडीची आतडी जवळपास टाकू नयेत, कारण त्या वासाने बिबट्याच काय, कोल्हे आणि भटकी कुत्रीही वाडीत येतात. बिबट्याचा वावर जाणवला तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवता येते.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. कोंबड्या गेल्या की संतापाच्या भरात मेलेल्या कोंबडीला विष लावून ठेवण्याचा किंवा फास लावण्याचा सल्ला गावात कोणीतरी देतोच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार बिबट्या, अजगर, घोरपड, मुंगूस यांसारख्या प्राण्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब चुकतोच. विष लावलेले मांस मुंगूसच खाईल याची खात्री नाही, ते शेजाऱ्याचा कुत्रा खातो, घार खाते, आणि मेलेली घार खाणारा पुढचा प्राणीही मरतो. ज्या मुंगसाने एक तलंग नेली, तेच मुंगूस वर्षभर गडग्यातले साप आणि उंदीर खात असते. त्याला मारून जागा रिकामी केली, तर काही दिवसांत दुसरे मुंगूस तिथे येते आणि खुराड्याची फट तशीच असते. एक इंचाची फट बुजवायला लागलेली लोखंडी पट्टी दीडशे रुपयांची होती.

रोजची शिस्त नसेल तर ही सगळी जाळी निरुपयोगी ठरते. दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन आत जातात, त्यांना मोजावे आणि लगेच दार लावावे. एखादी काजूच्या झाडावर चढून बसली असेल तर तिला तेव्हाच उतरवून आणावे, कारण रात्रभर फांदीवर बसलेल्या कोंबडीसाठी कांडेचोराला खुराडे उघडावेच लागत नाही. सकाळी दार उघडण्याची घाई करू नये. पहाटेच्या धूसर उजेडात रानमांजर अजून फिरत असते, म्हणून ऊन अंगणात उतरल्यावरच कोंबड्या सोडाव्यात. उजेड पाहून आपोआप उघड-बंद होणारी दारे आता ऑनलाइन मिळतात आणि बॅटरीवर चालणारी असतील तर आमच्याकडच्या वीज जाण्यानेही त्यांचे अडत नाही. परंतु बाहेर राहिलेली कोंबडी ते दार मोजत नाही. दिवसभर घर बंद ठेवून नोकरीला जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग होईल, घरात आजी किंवा कोणी मोठे माणूस असेल तर गरज नाही.

एकंदरीत, सांगितलेल्या दुरुस्त्या करून घेतल्या तर हे खुराडे त्याच्या किमतीला योग्य आहे, आणि जसेच्या तसे उचलून आणले तर नाही. दहा कोंबड्यांपर्यंतचा संसार असेल तर चार फूट बाय तीन फुटांचे लहान माप पुरते. दहापेक्षा जास्त कोंबड्या, त्यात खुडूक आणि पिल्ले असतील, तर सहा बाय चारच घ्यावे आणि मधे एक जाळीचा पडदा मागून घ्यावा, म्हणजे पिल्लांची कोंबडी वेगळी ठेवता येते. घरी चिऱ्याची पक्की भिंत असलेला जुना गोठा रिकामा असेल, तर खुराडे विकत घेण्याचे काही कारण नाही. तीच अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी खिडक्यांना आणि कौलांखालच्या फटींना मारली, दाराखाली पट्टी बसवली, तर निम्म्याहून कमी खर्चात तितकेच, किंबहुना अधिक भक्कम काम होते. ऑर्डर देताना दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यावे ते एवढे : सर्व बाजूंना अर्धा इंची चौकट, तार 16 गेज, वेल्ड केल्यानंतर जस्त दिलेली जाळी, टाक्यांवर प्रायमर, दाराला दोन बोल्ट, पेटीला हूक, ट्रे किमतीत धरलेला, आणि कुठेही बोट शिरेल इतकी फट नको. पैसे देण्यापूर्वी करंगळी घेऊन प्रत्येक सांधा तपासावा, आणि जिथे करंगळी सहज आत गेली तिथे वेल्डिंग पुन्हा करून मागावे.